कुपीच्या आत काय आहे?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत रात्र अशी होतच नाही. तरावीहची नमाज आटोपलेली माणसे सिटी चौकातून शहागंजकडे सरकत असतात, आणि समोरून खरेदीला निघालेली कुटुंबे येत असतात. शेवया, खजूर, टोप्या, तसबीह, बांगड्या, मुलांचे कुर्ते. या गर्दीत एका हातगाडीपाशी लोक जरा जास्त वेळ रेंगाळतात. काचेच्या लहान-मोठ्या कुप्यांची रांग, वर एक दिवा, आणि गाडीमागे उभा असलेला माणूस. तो ओरडत नाही, भाव सांगत नाही. समोर आलेल्याचा हात हातात घेतो, मनगटाच्या मागच्या बाजूला कुपीचे बूच टेकवतो आणि हात सोडून देतो.

"चोळू नका," तो सांगतो. "एक फेरी मारून या, मग बोलू."

बाजाराचा नेहमीचा नियम इथे उलटा होतो. बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक हलू नये म्हणून धडपडत असतात आणि अत्तरवाला त्याला स्वतःहून पाठवून देतो. कारण त्याला ठाऊक असते की पहिल्या मिनिटाला जो वास येतो तो अत्तराचा खरा वास नसतोच. वरवरचे, चटकन उडणारे घटक आधी निघून जातात. तासाभराने, अंगाच्या उबेने जे उरते, तेच अत्तर. गिऱ्हाईक परत येईपर्यंत थांबण्याची हिंमत ज्याच्या मालात आहे, तोच अशी फेरी मारायला सांगू शकतो.

रमजानच्या बयानांत एक हदीस हमखास सांगितली जाते. चांगल्या सोबतीला तिथे कस्तुरी विकणाऱ्याची उपमा दिली आहे. त्याच्याकडून काही मिळेल, काही विकत घेतले जाईल, आणि यातले काहीच झाले नाही तरी त्याच्याजवळ बसल्याचा सुवास अंगाला लागेल, असा तिचा आशय. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातली ही उपमा सिटी चौकातल्या हातगाडीवर रोज रात्री खरी होताना दिसते. दहा जण हात पुढे करतात, तिघे विकत घेतात, आणि सातजण फुकटच दरवळत घरी जातात. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

इथून गुलमंडी हाकेच्या अंतरावर. तिच्या नावातच 'गुल' आहे, फारसीतले फूल. आज सुपारी हनुमानाच्या आसपासच्या त्या रस्त्यावर फुलांपेक्षा कपड्यांची गिऱ्हाइकी मोठी, पण नावाने जुना सुगंध धरून ठेवला आहे. शब्द असे बऱ्याचदा करतात. अरबीत सुगंध म्हणजे 'इत्र' आणि तो विकणारा 'अत्तार'. मराठीने 'अत्तर' असा शब्द घडवून घेतला आणि तो इतका घरचा केला की हळदीकुंकवाला अत्तर लावणारी सुवासिनी किंवा लग्नात दाराशी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभा राहिलेला मुलगा, यांना तो परका आहे हे सांगूनही पटणार नाही. 'अत्तार' हे आडनाव लावणारी मुस्लिम कुटुंबे महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेटी खांद्याला लावून ज्या दारांत अत्तर विकले, त्यात वाडेही होते आणि मोहल्लेही.

देगेत फूल, भपक्यात चंदन

हातगाडीवरच्या कुपीत काय आहे हे समजून घ्यायचे तर तिच्या मागे मागे उत्तर प्रदेशातल्या कन्नौजपर्यंत जावे लागते. गंगेच्या खोऱ्यातले हे गाव शेकडो वर्षे अत्तर गाळत आले आहे, आणि त्याची जुनी पद्धत आजही काही कारखान्यांत तशीच चालू आहे.

तांब्याचे मोठे भांडे, त्याला देग म्हणतात. तिच्यात पाणी आणि पहाटे, उन्हाआधी तोडलेली फुले. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेने कापूस व ओली माती थापून फट बंद केलेली. झाकणातून निघालेली सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी दुसऱ्या, लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात उतरते. तो भपका. तो थंड पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. देगेखाली लाकडे आणि गोवऱ्यांची धग. फुलांचा वास वाफेबरोबर नळीतून निघतो आणि भपक्यात येऊन थंड होतो. पण भपका रिकामा नसतो. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. गुलाबाचा वास चंदनात जाऊन बसतो, पाणी खाली राहते आणि ते नंतर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी नवी फुले, तेच चंदन. असे दहा-पंधरा दिवस चालते, तेव्हा कुठे चंदन तृप्त होते.

या सगळ्यात जुन्या पद्धतीच्या भट्टीवर तापमापक नसतो. देगेतल्या उकळीचा आवाज, नळीला आणि भपक्याला हात लावून कळणारी उष्णता, एवढ्यावर कारागीर आच कमी-जास्त करतो, भपक्यावर ओले फडके फिरवतो. थोडी आच जास्त झाली तर फूल करपते आणि सगळा घाणा वाया. गायकीत ज्याला आपण घराणे म्हणतो, त्याची शिकवण अशीच असते, उस्तादाच्या शेजारी बसून. इथे सुराऐवजी आच ओळखायची.

मग ते अत्तर मुरायला ठेवायचे. जुन्या काळी त्यासाठी उंटाच्या कातड्याची कुप्पी वापरत. राहिलेला पाण्याचा अंश कातड्यातून बाहेर झिरपून जाई आणि सुगंध आत राही. मराठीतली 'कुपी' याच शब्दाची बहीण.

कन्नौजच्या भट्टीवर जे काही गाळले जाते त्यातले सगळ्यांत अजब म्हणजे मातीचे अत्तर. भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून त्यांचा वास चंदनात उतरवतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मराठवाड्याच्या रानातून जो वास उठतो, तो एका कुपीत. दुष्काळाची सवय असलेल्या या भागातल्या माणसाने ते हुंगले की तो क्षणभर गप्प होतो, असे अत्तरवाले सांगतात. खसाचे अत्तर, म्हणजे आपला वाळा, तांब्याच्या देगेमुळे हिरवट रंग घेऊन येते. केवडा ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून येतो. आणि हीना किंवा शमामा या नावाने जे मिळते ते एका फुलाचे अत्तर नाहीच. त्यात नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, जायपत्री, लवंग अशी जडीबुटी आणि मसाल्यांची अख्खी यादी असते. ही यादी वाचताना हिंदू घरातल्या कुणालाही दिवाळीच्या पहाटेची आठवण व्हावी, कारण नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी उटण्यातही पडतात. ईदच्या सकाळी अंगाला लागणारा वास आणि अभ्यंगस्नानाचा वास एकाच काष्ठौषधीच्या दुकानातून निघालेले.

चंदनाचेही तेच. खुलदाबादला उर्साच्या आधी दर्ग्यावर संदल निघतो आणि त्यात गावातली सगळ्याच धर्मांची माणसे चालतात. पंढरपुरात उन्हाळा सुरू झाला की विठ्ठलाला चंदनउटी लावतात. उगाळणारे हात वेगळे, लाकूड एकच.

दख्खनने लिहून ठेवलेले

सुगंधाचे शास्त्र म्हणजे केवळ उत्तरेकडून आलेली चैन, असा एक समज असतो. दख्खनची पोथी तो खोडून काढते. बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याणी, ही चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधी लेप व धूप यांना स्वतंत्र जागा दिली. पुढे विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारात 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा फारसी ग्रंथ सुगंधावरच तयार झाला. 'नौरस' हा या बादशहाचा आवडता शब्द. गाण्याचे पुस्तक, नवे शहर, सगळ्यांना त्याने हेच नाव दिले होते. अत्तरही त्यातून सुटले नाही.

या दोहोंपेक्षा आपल्या जवळची गोष्ट पुण्यात सापडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले पु. कृ. गोडे यांनी तिथल्या हस्तलिखितांतून सुगंधशास्त्रावरचे दोन संस्कृत ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले, गंगाधराचा 'गंधसार' आणि कर्त्याचे नाव नसलेला 'गंधवाद'. यातल्या 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. म्हणजे कधीतरी, कुणा मराठी माणसाला ही कृती संस्कृतात वाचून पुरली नाही. ती मराठीत समजून घ्यावी, करून पाहावी असे वाटले. गोडे यांनी 1945 च्या सुमारास त्यावर लिहिले. मराठीच्या वर्गात ज्ञानेश्वरी आणि बखरी शिकवल्या जातात, ते योग्यच आहे. पण अत्तर कसे करावे हे सांगणारी जुनी मराठी आहे, हे किती पदवीधरांना ठाऊक असते?

मोगल दरबारातही या कलेची नोंद आहे. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने खुशबूखान्यावर प्रकरण लिहिले. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गरम गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग तिने गोळा केला, अशी ती हकिकत. गुलाबाचे अत्तर त्याआधी कुणालाच माहीत नव्हते असे इतिहासकार मानत नाहीत, पण बादशहाने सासूला दिलेली ही दाद मोठी गोड आहे.

फ्रान्समधले घराणे, मुंबईतले घराणे

आजच्या तरुणाला परफ्यूम म्हटले की पॅरिस आठवते. त्यात चूक नाही. दक्षिण फ्रान्समधले ग्रास हे गाव आधी कातड्यासाठी प्रसिद्ध होते. कातडी हातमोज्यांचा उग्र दर्प झाकण्यासाठी त्यांना सुगंध देऊ लागले आणि हळूहळू कातडे मागे पडून सुगंधच गावाचा धंदा झाला. जाई, गुलाब आणि निशिगंध तिथे शेतात पिकवत. नाजूक फुलांचा वास काढण्यासाठी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुले पसरत. आपल्याकडे हेच काम तिळावर होई. तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक देऊन, मग ते तीळ घाण्यावर गाळत, तेच फुलेल. 2018 मध्ये युनेस्कोने ग्रासच्या सुगंधविद्येची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

या फ्रेंच सुगंधात हिंदुस्थान किती मिसळला आहे ते फार कमी लोक बोलतात. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पाचोळीची, म्हणजे पॅचौलीची पाने ठेवत. त्या वासावरून फ्रेंच बायका शाल अस्सल आहे की नाही ते ओळखू लागल्या, आणि पुढे तो वासच फॅशन झाला. 'वेटिव्हर' हा फ्रेंचांचा लाडका शब्द तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलेला. तो आपला वाळा. गर्लां या घराण्याचे 1925 साली पॅरिसच्या प्रदर्शनात झळकलेले जगप्रसिद्ध परफ्यूम 'शालिमार'. त्याचे नाव मोगल बागेवरून, आणि त्यामागची प्रेमकथा शाहजहान-मुमताजची. ताजमहालाची प्रतिकृती म्हणून ज्या मकबऱ्याला पर्यटक नाके मुरडतात, त्या मकबऱ्याच्या शहराला हा धागा जरा जास्तच जवळचा वाटावा.

गर्लां घराणे 1828 चे. पिढ्यान् पिढ्या कुटुंबातल्याच नाकाने परफ्यूम घडवले. 1994 मध्ये ते एलव्हीएमएच या बड्या उद्योगसमूहाकडे गेले. या व्यवसायात असे बरेचदा झाले, आणि त्याला उत्तर म्हणून फ्रान्समध्ये 'स्वतंत्र' म्हणवणारी छोटी सुगंधगृहे उभी राहिली. जाहिरातीवर कमी आणि कुपीतल्या मालावर जास्त खर्च करायचा, सगळ्यांना आवडेल असे गुळगुळीत काही करायचे नाही, हा त्यांचा बाणा. फ्रेदेरिक माल यांनी 2000 साली त्यात एक साधी पण धाडसी भर घातली. त्यांनी बाटलीवर परफ्यूम घडवणाऱ्याचे नाव छापले. तोवर बाटलीवर कपडे शिवणाऱ्या कंपनीचे किंवा नटीचे नाव असे. ज्याच्या नाकाने ते घडले तो पडद्याआड. गंमत अशी, की माल यांचे हे घरही 2014 च्या अखेरीस एस्टी लॉडर या अमेरिकी कंपनीने विकत घेत असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्याला चांगला भाव आला की ते विकले जाते.

महाराष्ट्रातही अशी घराणी आहेत. त्यांची चर्चा आपण करत नाही, कारण ती पॅरिससारखी नटत नाहीत. 1922 साली मुंबईत केळकर कुटुंबाने सुगंधाचा व्यवसाय सुरू केला. एस. एच. केळकर आणि कंपनी. हे नाव दुकानाच्या पाटीवर सहसा दिसत नाही, कारण ही कंपनी गिऱ्हाइकाला नव्हे, तर गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्यांना सुगंध विकते. साबण, पावडर, केसांचे तेल, अगरबत्ती, कपडे धुण्याची भुकटी अशा वस्तूंचे वास घडवण्याचा हा धंदा. ज्या घरात केळकरांचे नाव कधीच पोचले नाही, तिथे त्यांनी घडवलेला वास मोरीत आणि देव्हाऱ्यात असण्याची शक्यता बरीच आहे. पुढे त्याच परिवारातल्या वझे यांनी धुरा सांभाळली, कस्तुरीसारखा वास देणारी रसायने बनवणारी नेदरलँड्समधली पीएफडब्ल्यू ही कंपनी या मराठी घराण्याने विकत घेतली, आणि 2015 मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. मुलुंडचे वझे-केळकर महाविद्यालय, 1984 साली सुरू झालेले, केळकर एज्युकेशन ट्रस्टचेच.

दुसरे घराणे अगदी वेगळ्या वाटेने आले. आसामातल्या होजाईचे हाजी अजमल अली हे शेतकरी. आसामच्या जंगलात अगरूचे झाड असते. त्याला बुरशीची लागण झाली की झाड स्वतःला वाचवण्यासाठी काळसर राळ तयार करते, आणि त्या राळलेल्या लाकडालाच ऊद म्हणतात. निरोगी झाडाला हा वास नसतो. हाजी अजमल अली हे तेल घेऊन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईला आले, कारण ऊदाचे खरे शौकीन, आखाती देशांतले व्यापारी, तेव्हा मुंबईत खरेदीला येत. त्यातून अजमल परफ्यूम्स उभी राहिली, नंतर दुबईला पोचली आणि आजही कुटुंबाच्याच हातात आहे. शहागंजच्या गाडीवर ऊदाची जी कुपी ईदसाठी घेतली जाते तिची मुळे अशी आसामच्या ओल्या मातीत असतात. जंगली अगरूची इतकी तोड झाली की 1995 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले.

केळकर आणि अजमल. एक मराठी हिंदू कुटुंब, एक आसामी मुस्लिम कुटुंब, आणि दोघांचे कर्मस्थान मुंबई.

चंदन कुठे गेले?

आता जरा कटू भाग. भपक्यात चंदनाचे तेल असते, असे वर लिहिले आहे. असते, की असायचे?

म्हैसूरचे चंदन म्हणजे जगातले नामांकित चंदन. टिपू सुलतानाने त्याला राजवृक्ष ठरवले, पुढे म्हैसूर संस्थानाने 1916 मध्ये तेलाचा सरकारी कारखाना काढला. पण चोरटी तोड आणि झाडांवरचा रोग यांनी जंगले ओस पडली. चंदनाचे झाड लावले तर ते सरकारजमा, या जुन्या कायद्यामुळे शेतकरीही ते लावत नव्हता. कर्नाटकाने तो कायदा 2001 नंतर सैल केला. चंदनाला गाभा धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तोवर भाव आभाळाला भिडले, आणि अत्तराच्या धंद्यात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि तत्सम वासहीन तेले शिरली. त्यांना ना स्वतःचा वास, ना ती मुरतात. स्वस्त मात्र आहेत.

हिशेब साधा आहे. एक किलो शुद्ध रूह गुलाबासाठी साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे हातगाडीवरच्या तीन मिलिलिटरच्या इवल्या कुपीसाठी दहा-बारा किलो फुले. गुलमंडीवर जाऊन दहा किलो गुलाबाचा भाव विचारा आणि मग ठरवा, पन्नास-शंभर रुपयांच्या कुपीत काय असू शकते. कस्तुरीचेही तसेच. कस्तुरीमृग 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे 'कस्तुरी' असे लिहिलेल्या कुपीत कस्तुरी नसते, नसावीच. कृत्रिम कस्तुरीचा शोध तर 1888 सालचा आहे. अल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटके बनवता बनवता त्यावर येऊन पोचला.

कृत्रिम म्हणजे खोटे, असेही समजू नये. फ्रेंच परफ्यूमची सारी आधुनिक कला प्रयोगशाळेतल्या रेणूंवर उभी आहे. शालिमारमध्येही कारखान्यात बनलेले व्हॅनिलाचे रसायन आहे. गरिबाच्या ईदला सुवास मिळतो तो रसायनामुळेच, आणि त्यात कमीपणा नाही. खोटेपणा सुरू होतो तो कुपीवरच्या चिठ्ठीपासून. पॅराफिनला चंदन म्हटले की. आणि घरी हुंगून, कागदावर थेंब टाकून हे खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी तपासणी लागते. कन्नौजला 1991 मध्ये सरकारने सुगंध आणि स्वाद विकास केंद्र काढले, 'कन्नौज परफ्यूम'ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण सिटी चौकात रात्री अकरा वाजता कोण प्रयोगशाळा शोधणार? तिथे फक्त विकणाऱ्याचा शब्द असतो.

आणि तो शब्द अजून टिकून आहे, हे या शहराचे नशीब. जुन्या दुकानांत विचारून पाहावे. "चाचा, हे खरे चंदन आहे का?" या प्रश्नावर चांगला अत्तरवाला रागावत नाही. तो तीन कुप्या पुढे ठेवतो. ही नक्कल, अमुक परदेशी परफ्यूमसारखी, रोजच्या वापराला छान. ही कंपाउंड, रसायनाची, पण कपड्यावर दोन दिवस राहील. आणि तिसरी तो कपाटातून काढतो, बोटभर, आणि तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक हसते. "घेऊ नका, फक्त वास घ्या," तो म्हणतो. तिन्ही विकायच्या आहेत, पण प्रत्येक आपापल्या नावाने. फ्रान्समधली स्वतंत्र घरे ज्याला आपले तत्त्वज्ञान म्हणतात आणि त्याच्या चकचकीत पुस्तिका छापतात, ते या दोन वाक्यांपेक्षा फार वेगळे नाही. अत्तरवाल्याला पुस्तिका छापायची सवड नसते, एवढेच.

नमाजी माणसे स्प्रेऐवजी अत्तर का पसंत करतात, असा प्रश्न शेजारी अनेकदा विचारतात. स्प्रेत अल्कोहोल असते, म्हणून पुष्कळजण तो टाळतात. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, काहींनी सवलतही दिली आहे. अत्तर लावल्याने रोजा तुटत नाही. ईदच्या सकाळी आंघोळ करून, असतील त्यातले चांगले कपडे घालून सुगंध लावणे ही सुन्नत. पण एक कारण धर्माबाहेरचेही आहे. स्प्रे खोलीभर पसरतो, माणूस येण्याआधी त्याचा वास येतो. अत्तर अंगालगत राहते. ते कळायला गळाभेट घ्यावी लागते.

छावणीच्या ईदगाहवर नमाज संपली की हजारो माणसे एकमेकांना भेटतात. तिथून मोटारसायकलवर परत येताना प्रत्येकाच्या कुर्त्याच्या खांद्यावर पाच-पन्नास जणांच्या अत्तराची भेसळ झालेली असते, आणि दुपारी शिरखुर्म्याला आलेल्या मित्राच्या शर्टाला तीच लागते. तो संध्याकाळी घरी जातो तेव्हा दार उघडणारी आई वासावरूनच विचारते, "जाऊन आलास का रे?"

ईदच्या दुसऱ्या दिवशी हातगाड्या उठतात. रस्त्यावर कापसाचे बोळे आणि रिकामी खोकी उरतात, आणि आतल्या गल्लीतली जुनी दुकाने आपल्या नेहमीच्या संथपणावर येतात. लग्नसराई जवळ असली तर पहिले गिऱ्हाईक यादी घेऊनच येते. गुलाबपाण्याच्या चार बाटल्या, हीना एक तोळा, आणि नवरीच्या आईसाठी थोडा केवडा. दुकानदार बूच काढतो, म्हणतो, "काकू, हात द्या जरा."